टोपी तीच, पण धूळ कुठे गेली?

टोपीवाल्या साहसी पुरातत्त्वज्ञ इंडियाना जोन्सच्या सिनेमांचा चौथा भाग, 'किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल', परवा परत बघितला. (पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, नंतर बोंबलू नका.) २००८ ला आला तेव्हा तिसऱ्या भागाला १९ वर्षं होऊन गेली होती, आणि इतकी वाट बघायला लावली की लोक तलवार परजूनच थिएटरात जातात, त्यामुळे तेव्हा पडलेल्या शिव्यांतल्या निम्म्या मला आजही पटत नाहीत. उरलेल्या निम्म्या मात्र कमीच पडल्या.

सुरुवात तर कसली भारी आहे. १९५७ साल, नेवाडाचं वाळवंट, अमेरिकन सैनिकांचे कपडे घातलेले रशियन, गाडीच्या डिकीतून कोणालातरी बाहेर काढून आपटतात, टोपी मातीत पडलेली, आणि त्याचा चेहरा दिसायच्या आधी गाडीवर पडलेली त्याची सावली टोपी चढवते. झालं, आपण विकले गेलो. इंडी झालेल्या हॅरिसन फोर्डने शूटिंग चालू असतानाच पासष्टी गाठली होती आणि गंमत म्हणजे सिनेमा ते लपवत नाही, एक उडी थोडक्यात चुकते तेव्हा तो हे अंतर कमी वाटलं होतं अशा अर्थाचं पुटपुटतो आणि आपल्यालाच गुडघ्यात कळ आल्यासारखं होतं.

मग ते अवाढव्य गोडाऊन. हजारो खोक्यांतून एक खोकं शोधायचं तर हा बाबा गोळ्या फोडून गनपावडर हवेत उधळतो आणि ती तरंगत तरंगत खोक्याकडे जाते. आता गनपावडर चुंबकाला ओढली जात नाही, पण दिसतं इतकं सुंदर की मी माफ केलं. एवढंच की जे खोकं अख्ख्या गोडाऊनमधून पावडर खेचतं, ते जीपमधे ठेवल्यावर आसपासच्या बंदुका का खेचत नाही? हे चुंबक पटकथेच्या सोयीनुसार चालू-बंद होतं, ज्या एलियनच्या स्फटिक कवटीमागे सगळे धावतात, तिचंही पुढे तेच.

फ्रिजबद्दल न बोलून कसं चालेल. अणुचाचणीसाठी उभारलेलं खोटं गाव, घरात टीव्ही चालू, सोफ्यावर हसणारे प्लास्टिकचे पुतळे, आणि बाहेर सायरन. असल्या पुतळ्यांच्या वस्त्या १९५० च्या दशकात नेवाडात खरंच बांधून उडवल्या होत्या, त्यामुळे तो सीन अंगावर येतो. इंडीने फ्रिजमधे घुसणंही मला चाललं असतं. पण तो फ्रिज गाड्यांच्या डोक्यावरून उडून मैदानात कोलांट्या खात आपटतो आणि हा दार उघडून बाहेर येतो, साधा खरचटलेला! तिथे माझ्या मनात काहीतरी बंद पडलं, कारण जो यातून वाचतो त्याला पुढे कड्यावरून पडताना बघून मी कशाला घाबरू?

आणि हाच खरा घोळ आहे. सगळे एलियनच्या नावाने खडे फोडतात, माझी एलियनबद्दल काहीच तक्रार नाही. आधीच्या भागांत १९३० च्या दशकातल्या पडद्यावरच्या सिरियलची नक्कल होती, आता काळ ५० चा म्हणून उडत्या तबकड्या, हिशोब बरोबर आहे. अडचण ही की कोणाला काही लागतच नाही. १९८१ च्या पहिल्या भागात ट्रकखालून फरफटत जाणारा माणूस खरा स्टंटमन होता, खडी खरी होती, आणि ते आपल्या पाठीला कळत होतं. इथे जंगलात दोन गाड्या शेजारी शेजारी पळतायत, इंडीबरोबर आलेला तरुण पोरगा दोन्हीकडे एकेक पाय टाकून तलवारबाजी करतोय, आणि मागची झाडं इतकी गुळगुळीत की वॉलपेपर वाटावा. वर तो माकडांबरोबर वेलींना लटकून येतो. माकडांबरोबर! मग एकापाठोपाठ तीन धबधबे, खाली सगळे ओले, बाकी ठणठणीत.

उलट कॉलेजमधली बाईकची चेस बघा. खरी बाईक, खरे रस्ते, इंडीला बाईकवरून खिडकीतून गाडीत ओढतात, तो आत मारामारी करून दुसऱ्या खिडकीतून परत बाईकवर येतो, आणि शेवटी इंडी आणि पोरगा लायब्ररीत टेबलांखालून घसरत जातात. ओठ न हलवता हसत होतो मी. त्या पाचेक मिनिटांत जुना दिग्दर्शक स्पीलबर्ग दिसतो.

बरं, कवटीचं. आर्क (पहिल्या भागातली बायबलमधली पवित्र पेटी) किंवा ग्रेल (तिसऱ्या भागातला येशूचा प्याला) म्हटलं की तिकडच्या प्रेक्षकाला ते काय आहे आणि का हवं हे आधीच माहीत असतं. कवटी म्हणजे नक्की काय, हे सगळे शेवटपर्यंत एकमेकांना समजावतच बसलेत. (खऱ्या जगातही म्युझियममधल्या प्रसिद्ध स्फटिक कवट्या तपासल्यावर बहुधा १९ व्या शतकातल्या, चाकाच्या हत्याराने घासलेल्या निघाल्या.) जॉन हर्टसारख्या नटाला त्यासाठी अर्धा सिनेमा बरळायला लावलंय, हे पाप आहे. केट ब्लँचेटची रशियन खलनायिका स्पाल्को दिसते जबरदस्त, बॉबकट, करडा युनिफॉर्म, कमरेला तलवार, पण मन वाचायची शक्ती आहे आहे म्हणतात आणि ती काही केल्या चालत नाही. इंडीचा जुना साथीदार मॅक किती वेळा बाजू बदलतो ते मोजायचं मी सोडून दिलं.

कॅरन अ‍ॅलन (पहिल्या भागातली नायिका मॅरियन) मात्र आली की पिक्चरमधे दिवा लागतो. खचत्या वाळूत ती आणि इंडी छातीपर्यंत रुतलेले, आणि त्याच वेळी मॅरियन त्याला सांगते की तो पोरगा तुझाच आहे. वर पोरगा सुटकेसाठी दोरी म्हणून भलामोठा साप आणतो आणि इंडी आधी मरणाला तयार, सापाला हात लावायला नाही. मग त्याला दोरी म्हणा, साप म्हणू नका, असा सौदा होतो. ना धावपळ, ना कॉम्प्युटरचं जंगल, तीन माणसं, एक खड्डा आणि एक जुनी भीती.

शेवटी इंडी-मॅरियनचं लग्न आहे, वाऱ्याने दार उघडतं, टोपी पोराच्या पायाशी येते, तो उचलून डोक्यावर ठेवणार इतक्यात इंडी जाता जाता ती काढून घेतो. थिएटरात मी टाळी वाजवली होती, परवा घरी एकटा होतो तरी वाजवली.