डबा वरच्या प्रतीचा, घड्याळ खालच्या प्रतीचे: ४३,८४० रुपयांची फसवणूक

डोंगरात पळण्यासाठी बॅरोमीटर, ऑफलाइन नकाशा आणि दोन वारंवारितांवर चालणारे जीपीएस असलेले घड्याळ म्हणून मला जे विकले गेले, त्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती. त्यापायी माझे ४३,८४० रुपये गेले: आधी ५,००० रुपये आगाऊ, मग ३६,५०० रुपये, आणि शेवटी ‘वॉरंटी तुमच्या नावावर करून घ्यायला’ म्हणून २,३४० रुपये. घड्याळ नकली नाही, आणि इथेच खरी मेख आहे. ते त्याच कंपनीचे, त्याच मालिकेतले आणि दिसायला अगदी तसेच आहे, पण ते खालच्या प्रतीचे व वापरलेले आहे आणि वरच्या प्रतीच्या डब्यात घालून मला पाठवले गेले आहे. वस्तू हातात पडली म्हणजे ही फसवणूकच नव्हे, हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की सगळे सविस्तर लिहून काढल्याशिवाय मला राहवत नाही.

हे घड्याळ मी मिरवायला घेत नव्हते. सपाट रस्त्यावर, उघड्या आकाशाखाली मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पळायचे असतील तर साधे जीपीएस पुरते. सह्याद्रीत ते पुरत नाही. कड्याच्या पोटाशी किंवा दाट झाडीत उपग्रहाचा संदेश खडकावर आपटून उशिरा पोहोचतो आणि घड्याळ तुम्हाला वाटेवरून उचलून दरीत दाखवते. जीपीएसच्या नेहमीच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झ या वारंवारितेच्या जोडीला ११७६.४५ मेगाहर्ट्झवरचा संदेशही वाचणारे घड्याळ ही चूक बरीच कमी करते. उंचीचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. उपग्रह फक्त डोक्यावर असतात, पायाखाली नसतात, त्यामुळे जीपीएसची उंची आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते आणि तिची प्रत्येक खोटी उडी एकूण चढात जमा होत जाते. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर चढल्यावर दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, आणि एवढा फरक त्याला सहज कळतो. पावसाळ्यात हवा बदलली की तोही चुकतो, म्हणून माहीत असलेल्या उंचीवर, उदाहरणार्थ १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या माथ्यावर, तो नव्याने लावून घ्यायचा असतो. धुक्यात वाट हरवते तेव्हा नकाशा मनगटावर असण्याचे मोल काय, हे तिथे पळणाऱ्यांना सांगायला नको.

हे सगळे मी अभ्यासून गेले होते, आणि विक्रेत्याला ते माझ्यापेक्षा जास्त येत होते. जुन्या-नव्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर त्याची जाहिरात होती: परदेशातून भेट आलेले, सीलबंद, दोन आले म्हणून एक विकणे आहे, सोबत आपल्या दुकानाचे बिल देऊ. मी बॅरोमीटरबद्दल विचारले तर पावसाळ्यात दाब कसा बदलतो आणि चढाईपूर्वी उंची कशी लावावी, हे त्याने अचूक सांगितले. ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन प्रणालीचे उपग्रहही त्याच ११७६.४५ मेगाहर्ट्झवर संदेश देतात, हेही त्यानेच सांगितले आणि ते खरे आहे. ज्याला इतके बारकावे ठाऊक आहेत तो माणूस पळणाराच असणार, असे मला वाटले, आणि कोणालाही तसेच वाटले असते. किंमतही संशय यावा अशी नव्हती. नव्या घड्याळाची किंमत ५८,९९० रुपये होती आणि तो ४१,५०० मागत होता, म्हणजे सुमारे तीस टक्के कमी. फुकटात दिल्यासारखा भाव असता तर मी तिकडे फिरकलेच नसते. घासाघीस करताना तो ताणून धरत होता, थोडा वैतागतही होता, आणि खरा दुकानदार तसाच वागतो.

कळायला हवे होते तो क्षण मात्र माझ्या डोळ्यांसमोरून अजूनही हलत नाही. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी, समोरच्या खात्यावर बँकेत नोंदवलेले नाव पडद्यावर येते. बिलाच्या मसुद्यावर दुकानाचे नाव होते आणि पडद्यावर आले ते भलत्याच एका व्यक्तीचे नाव. मी थांबले. त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, दुकानाच्या खात्यावर घेतले तर जीएसटी भरावा लागेल, मग या भावात देता येणार नाही. हे माझ्या मेव्हण्याचे खाते आहे, तुम्ही बिनधास्त पाठवा.” आणि जे बिल त्याने मला आधीच पाठवले होते, त्यावर अठरा टक्के जीएसटी स्वच्छ छापलेला होता! दोन्ही गोष्टी माझ्यासमोर एकाच फोनवर होत्या. त्या बिलावरचा जीएसटी क्रमांकही चौदाच अक्षरांचा होता; खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो. पण मी तेव्हा घड्याळ तपासत होते, प्रत्येक सेन्सर तपासत होते, आणि विक्रेत्याने माझे लक्ष बरोबर तिथेच गुंतवून ठेवले होते. पडद्यावरचे नाव आणि बिलावरचे नाव जुळत नसेल तर समोरचा काय कारण देतो हे ऐकायलासुद्धा थांबू नका.

डबा आला तो खरोखर सीलबंद होता. अनुक्रमांकाच्या चिठ्ठीची कड बोटाला जरा जाड लागली होती. आता कळते की ती जुन्या चिठ्ठीवर चिकटवलेली दुसरी चिठ्ठी होती. मेनूत दोन वारंवारितांचा पर्याय दिसेना आणि नकाशाही उघडेना, तेव्हा तो म्हणाला की वॉरंटी तुमच्या नावावर झाली की अपडेट येईल आणि दोन्ही सुरू होईल. २,३४० रुपये त्याने काढले ते याच बोलण्यावर. सॉफ्टवेअरने बंद ठेवलेल्या सोयी अपडेटने सुरू होतात, हे आपण रोज पाहतो, त्यामुळे ते पटण्यासारखेच होते. पण बॅरोमीटर हा घड्याळात बसवलेला सुटा भाग असतो आणि तो कोणत्याही अपडेटने उगवत नाही. नवे घड्याळ हाती येताच एक साधी चाचणी करा: जिथे उपग्रह दिसत नाहीत अशा इमारतीच्या आत तीन मजले चढा आणि उंचीचा आकडा पाहा. बॅरोमीटर असेल तर तो आठ-दहा मीटरने वर सरकेल. ही चाचणी विक्रेत्यासमोर, पैसे देण्यापूर्वी करायची असते, आणि जो समोरासमोर भेटायला टाळतो त्याच्याकडून काहीही घ्यायचे नसते.

रस्त्यावर घड्याळ ठीक चालत होते, त्यामुळे बरेच दिवस काही जाणवले नाही. राजगडाहून तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर मात्र सोबतच्या मैत्रिणीच्या आणि माझ्या घड्याळातल्या एकूण चढात शेकडो मीटरचा फरक पडला. आम्ही पाणी प्यायला बसलो असतानाही माझ्या घड्याळातली उंची वीस-तीस मीटर वर-खाली होत होती. दुसऱ्याच दिवशी मी सेवा केंद्र गाठले. तिथे तपासणीचे ५९० रुपये घेऊन सांगण्यात आले की घड्याळाच्या आतला अनुक्रमांक खालच्या प्रतीचा आहे, त्याची वॉरंटी आधीच संपलेली आहे आणि डब्यावरचा क्रमांक वेगळ्याच घड्याळाचा आहे. हे लेखी द्या म्हटल्यावर, “आम्ही असे लेखी देत नाही,” हे उत्तर मिळाले. डब्यावरचा क्रमांक आणि घड्याळाच्या ‘माहिती’ पानावरचा क्रमांक ताडून पाहायला एक मिनिट लागते. ते डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ घेऊन, त्यातच करा.

विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता.

यानंतर जे सुरू झाले त्याचा संताप मूळ फसवणुकीपेक्षा कमी नाही. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांचा पहिला प्रश्न होता, “वस्तू मिळाली ना?” मिळाली म्हटल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली. एवढे महागडे घड्याळ अनोळखी माणसाकडून घेतलेच कशाला, हे मला सर्वांसमोर ऐकवण्यात आले. मग हा दिवाणी वाद आहे, ग्राहक आयोगात जा. मग हा सायबरचा विषय आहे, तिकडे जा. सायबर कक्षातून उत्तर आले की रक्कम लहान आहे, आधी तुमच्याच ठाण्यात नोंद करा. शेवटी साधा अर्ज ठेवून घेतला आणि पोच मागितली तेव्हा शिक्का दुसऱ्या खोलीत असल्याचे सांगितले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची जी उदाहरणे दिली आहेत, त्यातच खोटा नमुना दाखवून वस्तू त्या नमुन्यासारखीच असल्याचे भासवणे आणि ती विकत घ्यायला लावणे हे उदाहरण आहे. म्हणजे वस्तू मिळाली तरी फसवणूक होते, हे कायद्यातच लिहिलेले आहे, आणि ते मी छापून नेले होते. कोणी वाचले नाही.

बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे व्यवहार अधिकृत आहे. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक, ज्यात तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही, ते अनधिकृत व्यवहारांपुरते आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याबद्दलची तक्रार त्या बँकेकडे पोहोचवण्यात कोणती अडचण होती? माझ्या तक्रारीवर कोणी फोनही केला नाही आणि ‘आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे’ असा संदेश आला. संकेतस्थळाचेही तेच. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असे २०२० चे ई-वाणिज्य नियम सांगतात. मला मिळाली ती यंत्राने लिहिलेली एकाच मजकुराची उत्तरे, आणि शेवटी व्यवहार आमच्या बाहेर झाला म्हणून आम्ही जबाबदार नाही, हा निर्वाळा. विक्रेत्याने व्यवहार बाहेर ओढला तो यासाठीच, हे मी आता सांगू शकते. बाहेर पैसे द्या म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या.

आता हेही कळते की खालच्या प्रतीचे का होईना, घड्याळ पाठवण्याचा खर्च त्याने का केला. रिकामा डबा पाठवला असता तर मी त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला असता, आणि पैसे पुढे सरकण्याआधी तिथे नोंद झाली तर ती रक्कम खात्यात रोखता येते. चालणारे घड्याळ हातात असल्यामुळे मी गप्प राहिले आणि तेवढ्या काळात खाते रिकामे झाले. वर ‘वस्तू मिळाली ना’ हा प्रश्न विचारायची सोयही त्यानेच करून ठेवली. शंका आली की वस्तू पूर्ण तपासून होईपर्यंत थांबू नका, आधी १९३० लावा.

आणखी एक जाळे याच काळात माझ्यावर टाकले गेले. मी धावणाऱ्यांच्या गटांत हकिगत लिहिल्यावर पैसे परत मिळवून देणाऱ्या एका ‘सल्लागारा’चा फोन आला. त्याला नेमकी रक्कम ठाऊक होती आणि त्याला आगाऊ दहा टक्के, म्हणजे ४,३८४ रुपये, हवे होते. मी फोन ठेवला. फसलेल्यांना पुन्हा फसवणारे हे लोक आपली रक्कम आपल्याच लिहिण्यातून उचलतात, म्हणून तक्रार क्रमांक आणि खात्याचे तपशील कुठेही उघड टाकू नका.

ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण नोटीस बजावायला विक्रेत्याचा पत्ता लागतो, पत्ता बँकेकडे आहे, बँक तो पोलिसांशिवाय देणार नाही आणि पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत. म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे मी सगळी हकिगत, बिलाचा मसुदा, यूपीआयच्या पावत्या आणि दोन्ही अनुक्रमांकांची छायाचित्रे जोडून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवली आहेत. त्याच घड्याळाचा तोच फोटो, मागच्या निळ्या चादरीसकट, सध्या दुसऱ्या नावाने ३९,००० रुपयांना लागलेला आहे. ज्यांनी तिथे आगाऊ रक्कम भरली असेल त्यांनी उरलेले पैसे पाठवू नयेत, आणि ज्यांचे पैसे गेले असतील त्यांनी आपापल्या ठाण्यात स्वतंत्र लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी जमल्या तर ‘रक्कम लहान आहे’ हे उत्तर देणे त्यांना अवघड जाईल.