नाशकात पॉटरीचा क्लास, आठ महिन्यांनंतर

सुगडं मी दरवर्षी रविवार कारंज्यावरून घेते. यंदा संक्रांतीला त्यातलं एक हातात फिरवून पाहिलं, तर आत बोटांच्या रेघा तळापासून काठापर्यंत चढत गेलेल्या आणि बुडाला दोऱ्याने कापल्याची शिंपल्यासारखी खूण. इतकी वर्षं वाण देताना ती कधी दिसलीच नव्हती. पुढच्याच आठवड्यात गंगापूर रोडच्या बाजूला एका पॉटरी क्लासमध्ये नाव नोंदवलं. आता भाद्रपद चालू आहे. क्लासचं नाव इथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत. पण क्लास लावावा की नाही या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये काम करते. दिवसभर हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असतो. त्या सवयीने पहिल्या दिवसापासून वही घातली. तारीख, मातीचं वजन, ओल्या भांड्याची उंची आणि तोंडाचा व्यास, वाळल्यावर किती, भाजल्यावर किती, आणि फुटलं तर कुठून. आजवर निकाल लागलेली भांडी ३१. त्यातली घरी आली १४. उरलेल्या १७ पैकी ९ वाळताना तडकली, ३ पहिल्या भाजणीत फुटली आणि ५ ग्लेझमध्ये, म्हणजे काचेसारखा थर चढवून करायच्या दुसऱ्या भाजणीत, गेली. चाकावरच कोसळली ती यात धरलेली नाहीत.

आकडे आधी दिले, कारण क्लास लावणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष चाकावर असतं. माझंही होतं. ती ९ भांडी मात्र मी चाकावरून नीट उतरवली होती. फळीवर ठेवून, हात धुऊन घरी गेले आणि त्यानंतर ती गेली.

चाकाबद्दल थोडक्यात. विजेचं चाक, पायाशी पेडल. माती आधी मळायची, ओल सगळीकडे सारखी होईपर्यंत आणि आतली हवा निघेपर्यंत. मग सेंटरिंग, म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा. मला याला पाच आठवडे लागले. मी तळहातांनी जोर लावत होते. शिकवणाऱ्या ताईंनी एके दिवशी माझं कोपर मांडीला टेकवलं आणि म्हणाल्या, "हात हलवू नकोस, मातीला हलू दे." कारखान्यात आम्ही डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना पार्ट किती डगमगतो ते, बघतो, काटा थरथरायचा थांबला की पार्ट बरोबर. इथे तोच काटा तळहातात होता. तो दिवस वहीत लाल पेनाने लिहिलेला आहे.

आता वाळवणाबद्दल. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नाशकाची हवा किती कोरडी असते ते मला चाळीस वर्षं इथे राहून कळलं नव्हतं. फळी खिडकीजवळ ठेवली की काठ तासाभरात पांढरट पडायचा आणि बूड ओलंच असायचं. माती सुकताना आकसते. काठ आकसून मोकळा झाला तरी बूड अजून आकसायचं असतं, त्या ओढाताणीत भांडं उलतं. आमच्या स्टोनवेअर मातीत, म्हणजे जास्त तापमानाला घट्ट भाजायच्या मातीत, ओल्या भांड्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत सुमारे १२ टक्के आकुंचन होतं. वहीत आहे, १२.५ सेंटिमीटरचा मग ११ सेंटिमीटरचा होऊन हातात आला. माझं माहेर निफाडकडचं. उन्हाळ्यात काळ्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या लहानपणापासून बघत आले. तेच इथे एका मगात होत होतं. काळी माती तर याहून कितीतरी जास्त फुगते आणि आकसते, म्हणून नुसत्या तिचं भांडं टिकत नाही. क्लासमधली माती चिनी माती, बॉल क्ले, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ मिसळून तयार आलेली असते.

उपाय साधे होते. भांड्यावर प्लॅस्टिक सैल घालायचं, काठ जरा कडक झाला की उलटं ठेवायचं, कान जोडल्यावर दोन दिवस झाकून ठेवायचं म्हणजे कान आणि पोट एकाच ओलीला येतात. बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर जायची, तिचं कारण वेगळं निघालं. बाजू वर ओढताना मी बूड दाबायचं विसरत होते. लाकडी पट्टीने मध्यापासून बाहेर आणि परत आत असं दाबायला लागल्यापासून, म्हणजे एप्रिलपासून, ती चीर एकदाही गेलेली नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आधी करा-केळी आणायला जुन्या नाशकात कुंभारवाड्यात गेले होते. तिथल्या एका बाबांना तडकलेल्या भांड्यांचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पंख्याखाली ठेवता का?" ठेवत होतो. "कच्च्या मडक्याला वारा दाखवायचा नाही, सावली दाखवायची." त्यांच्या मातीत लीद असते. भाजताना ती जळून जाते आणि बारीक छिद्रं राहतात, म्हणून ते मडकं वेगाने तापलं तरी सहन करतं आणि माठातलं पाणीही पाझरून गार होतं. आमचा घट्ट भाजलेला मग थेट गॅसवर ठेवला तर तडकेल. दोन्ही मातीचीच भांडी, पण कामं वेगळी. क्लासमध्ये ही गोष्ट कुणी नीट सांगत नाही आणि नवी मुलं स्टोनवेअरच्या वाडग्यात फोडणी करायची स्वप्नं बघतात. ती पहिल्या दिवशी सांगायला हवी.

जूनअखेर पाऊस लागला आणि सगळं उलटं झालं. कान एकदाही सुटला नाही, प्लॅस्टिकची गरज उरली नाही, पण भांडी दोन दोन आठवडे वाळेनात. भट्टीत फुटलेली तिन्ही भांडी जुलै-ऑगस्टमधली आहेत. दिसायला वाळलेली होती. आत राहिलेलं पाणी १०० अंशांवर वाफ होतं, आणि वाफेला पाण्यापेक्षा दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. जाड बुडातून ती इतक्या पटकन निघू शकत नाही. एक तर माझ्या शेजारच्या मुलाच्या सुरेख सुरईवर फुटलं, तिचाही काठ गेला. त्याने एका शब्दानेही बोल लावला नाही, मला मात्र आठवडाभर झोप नीट लागली नाही. तेव्हापासून भांडं गालाला लावून बघते. गार लागलं तर आत पाणी आहे, कारण बाष्पीभवन चालू आहे, माठाचंच तत्त्व. ताईही आता पावसाळ्यात भट्टी रात्रभर ९० अंशांच्या खाली ठेवून मगच वर नेतात.

तक्रारी. पहिली, भट्टी महिन्यातून एकदाच लागते. पहिली भाजणी १००० अंशांपर्यंत, ग्लेझची १२२० च्या आसपास, आणि दोन्हींनंतर थंड व्हायला आणखी एक दिवस. थंड होण्याची घाई करता येत नाही हे मान्य, ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि तिथून झपकन खाली आणलं तर भांडं चिरतं. पण महिना फार होतो. आपण काय चुकलो हे कळेपर्यंत तीच चूक आणखी चार भांड्यांत केलेली असते. दुसरी, दुसऱ्या बॅचची माणसं जागा करायला आपली भांडी हलवतात आणि प्लॅस्टिक परत घालत नाहीत. तिसरी सगळ्यात गंभीर. सुरुवातीला फरशी कोरड्या झाडूने झाडायचे. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात जाणं घातक आहे. मी दोनदा बोलले, आता ओल्या फडक्याने पुसतात. तुम्ही क्लास बघायला जाल तेव्हा फी विचारण्याआधी हे बघा. फीमध्ये ग्लेझची भाजणी धरलेली आहे का, हेही विचारा. आमच्याकडे ती वजनावर वेगळी आहे आणि हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं.

घरी आलेल्या भांड्यांपैकी दोन मग एप्रिलपासून रोज चहाला वापरते. बुडाची न चकाकणारी कड टेबलावर ओरखडे काढत होती, ओल्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. एका मगाच्या ग्लेझवर महिन्याभरात केसासारख्या रेघा उमटल्या, म्हणजे ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं आहे. त्या रेघांत चहा मुरून तपकिरी झालाय. त्याला आता पेन-पेन्सिली ठेवायला घेतलं. दुसरा अजून एकसंध आहे आणि सकाळी हात आपोआप त्याच्याकडेच जातो.

खरी इच्छा होती आईसाठी लोणच्याची बरणी करायची. मे महिन्यात केलीही, मॅट हिरव्या ग्लेझची, झाकण अगदी बरोबर बसलेली. कैऱ्या आणायच्या आधी ताईंनी सांगितलं म्हणून आत लिंबाची फोड रात्रभर ठेवली. सकाळी फोडीच्या आकाराचा फिकट डाग होता. तो हिरवा रंग तांब्याचा, आणि आंबटात तांबं ग्लेझमधून उतरत होतं. मीठ आणि कैरी वर्षभर त्यात राहिली असती. आईने काही न बोलता जुनी पांढरी-तपकिरी बरणी फडताळातून खाली काढली. माझ्या बरणीत सध्या हळकुंडं आहेत. पुढची बरणी आतून साध्या पारदर्शक ग्लेझची करणार, आणि लिंबाची परीक्षा तिचीही घेणार.

सध्या मी तोटीच्या भांड्याच्या मागे लागले आहे. आपल्या गोदाकाठच्या गढीचं आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये केलं. जोर्व्याच्या नावाने ओळखली जाणारी ती तांबडी भांडी, काळ्या रेघांची, लांब तोटीची, चाकावर घडवलेली, इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० या काळातली. टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात इतकी पक्की भाजलेली. पूर्वी मी असे फोटो बघून पान उलटायचे. आता बघते तर पहिला प्रश्न पडतो की तोटी आणि पोट एका ओलीला कसं आणलं असेल त्यांनी, याच कोरड्या हवेत, प्लॅस्टिक नसताना. ओलं फडकं? राख? खड्ड्यातली सावली?

माझं वहीतलं ३२ वं भांडं तेच आहे. तोटी गेल्या रविवारी जोडली, पाच दिवस झाकून होतं, काल उघडलं. जोडावर चीर नाही. गालाला लावून पाहिलं तर तोटी कोमट, पोट अजून गार. या महिन्याच्या भट्टीत देणार नाही.