पन्नास ग्रॅम उसळही तोलून देणारं दुकान

पाटीवर नाव असं काही नाही, नुसतं 'घरगुती पोळी-भाजी केंद्र'. डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या एका गल्लीत, स्टेशनवरून चालत सात-आठ मिनिटं. संध्याकाळी सीएसएमटीहून येणाऱ्या फास्ट लोकल रिकाम्या व्हायला लागल्या की इथे रांग लागते. पोळी १२ रुपये, सुकी भाजी १०० ग्रॅमला ३०, उसळ, झुणका, पिठलं ३५, वरण वाटीच्या हिशेबाने. ज्वारीची भाकरी मंगळवारी आणि शुक्रवारी. हे दुकान मी कुणालाही सुचवीन, पण ज्यांचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय त्यांना आग्रहाने सुचवते आणि लिहितेय तेही मुख्यतः त्यांच्यासाठीच.

माझं स्लीव्हचं ऑपरेशन २०१९ साली झालं. यात जठराचा बाहेरच्या वळणाकडचा साधारण पाऊण भाग कापून काढतात आणि उभी, अरुंद नळी तेवढी ठेवतात. सुरुवातीला तिच्यात शंभर-दीडशे मिली मावेल इतकीच जागा असते. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून पहिले काही महिने पोट मागत नाही, घड्याळाकडे बघून खावं लागतं. तेव्हा माझं वजन ११८ किलो होतं, गुडघे गेलेले आणि साखरेच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू.

पातळ पदार्थांचे आठवडे संपले, मिक्सरमधून काढलेलं संपलं आणि मऊ अन्नाची परवानगी मिळाली, तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. मी नोकरी करणारी बाई. मटकी भिजवायची, मोड आणायचे, फोडणी घालायची आणि त्यातले चार चमचे खायचे, हे रोज कसं जमायचं? बाहेरून आणावं तर बहुतेक दुकानात पाव किलोच्या खाली भाजी देत नाहीत. थाळीच्या हॉटेलात अमर्यादित जेवणाचे पैसे भरून दोन घासांवर उठायचं आणि वर वाढप्याचा आग्रह सोसायचा. या दुकानात मी पहिल्यांदा घाबरत घाबरत विचारलं, "काकू, पन्नास ग्रॅम पिठलं मिळेल का?" त्या म्हणाल्या, "मिळेल की. काटा कशाला ठेवलाय मग?" आणि त्यांनी खरंच पन्नास ग्रॅम तोललं, माझ्या डब्यात काढलं, वर लसणीची फोडणी येईल असं बघून. मागे उभ्या असलेल्या माणसाला थांबावं लागलं, पण काकूंनी घाई केली नाही.

त्या पन्नास ग्रॅममधलंही तेव्हा थोडं उरायचं. चार चमच्यांनंतर छातीच्या मध्यभागी दाब यायचा, तोंडाला पाणी सुटायचं, आणि थांबायचं हे कळायचं. पोळी तर अजिबात नाही. चावून तिचा गोळा होतो आणि तो वरच अडकतो. सहा महिन्यांच्या आसपास अर्धी पोळी वरणात कुस्करून जायला लागली. पोळीआधी भाकरी सोपी गेली, कारण ती सुटी होते. वर्ष झालं तेव्हा एक पोळी आणि छोटी वाटी उसळ, तेही अर्धा तास लावून. त्या वर्षी होळीला काकूंकडच्या पुरणपोळीचा चतकोर खाल्ला, तर छाती धडधडायला लागली आणि दरदरून घाम फुटला. गोड भराभर आतड्यात उतरलं की असं होतं. बायपासवाल्यांना (म्हणजे हृदयाचं नाही, जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ते वजन कमी करायचंच दुसरं ऑपरेशन झालेल्यांना) ते जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं.

आणि आज? आज मी दीड पोळी, शंभर ग्रॅम उसळ, थोडी कोशिंबीर आणि वाटीभर दही खाते. ऑपरेशनआधी पाच पोळ्या आणि वर भात जेवायचे, त्या मानाने हे निम्म्याहून कमी. पण दुसऱ्या वर्षाच्या मानाने जास्त आहे, आणि लोकांचं लक्ष नेमकं तिथेच जातं. मागच्या गणपतीत मावससासूबाई पंगतीत म्हणाल्या, "अगं, तुझं ते ऑपरेशन झालंय ना? मग एवढं कसं जातं?" अख्खा एक मोदक आणि वरणभाताची छोटी मूद होती पानात.

त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगते. जागा वाढणं ठरलेलंच असतं. पहिल्या महिन्यांत शिवणीची सूज असते, ती ओसरते. नळी थोडी सैलावते. कसं चावायचं, कुठे थांबायचं हे शरीर शिकतं. दीड-दोन वर्षांपर्यंत हे हळूहळू वाढत जातं आणि मग बहुतेकांचं एका ठिकाणी स्थिरावतं. जठराचा सगळ्यात जास्त ताणला जाणारा वरचा घुमट काढून टाकलेला असतो, त्यामुळे एक मोदक जास्त खाल्ला म्हणून जुनं पोट परत येत नाही. वजनाचंही तसंच. माझं सगळ्यात कमी झालं ते ७४, आता ८० वर टिकून आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून वजन कमी करायची निरनिराळी ऑपरेशनं झालेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, त्यातही वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली जातं, मग थोडं चढतं आणि पुढे बरंचसं स्थिरावतं, असंच दिसलं. बायपास झालेल्यांचं दहा वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी पंचवीस टक्के कमी होतं. चौथ्या-पाचव्या वर्षी अख्खी पोळी गेली म्हणून रडणाऱ्या बायका मी फॉलोअपच्या बाकावर पाहिल्या आहेत. त्यांना कुणीतरी हे आधीच सांगायला हवं होतं.

पण किती जातं यापेक्षा काय जातं, यावर नजर ठेवायला हवी, आणि इथे या दुकानाचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. स्लीव्हमधून अन्न लवकर पुढे सरकतं. पातळ आणि विरघळणारं तर फारच लवकर. घट्ट, चावून खायचं, प्रथिनांचं अन्न मात्र नळीत रेंगाळतं आणि पोट भरल्याची जाणीव टिकते. काकूंची मटकीची उसळ अंगासरशी असते, चमच्यातून ओघळत नाही. शंभर ग्रॅममध्ये सहा-सात ग्रॅम प्रथिनं येतात, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम गाठायचे असतात त्यात त्याचा हातभार मोठा. तीच उसळ दुसऱ्या एका दुकानातून आणली तर निम्मा रस्सा. तो प्यायला बरा, पण तासाभरात पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. माझा क्रम ठरलेला आहे. आधी उसळ, मग कोशिंबीर, शेवटी पोळी. पाणी जेवताना नाही आणि नंतर अर्धा तास नाही. दीड पोळी जाते ती उसळीनंतर. पोळीपासून सुरुवात केली तर उसळ उरते, आणि मग रात्री दहाला भूक लागते.

याच दुकानाच्या पुढच्या काउंटरवर चिवडा, शंकरपाळे, भाजणीची चकली आणि केळ्याचे वेफर्सही आहेत. चकली फार चांगली आहे, खुसखुशीत, तेलकट नाही. पण ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी हे ओळखून असावं, की या नळीत पनीरचे चार तुकडे गच्च बसतात आणि चिवड्याची अख्खी वाटी सहज उतरते. चावला की त्याचा पातळ लगदा होतो आणि पुढे सरकतो. पोट भरल्याचा इशाराच येत नाही. चतुर्थीची साबुदाणा खिचडीही त्याच जातीची. मी चकली घेते ती दोन, आणि जेवणाच्या शेवटी. पाकीट घरी नेत नाही.

आता तक्रारी. फ्लॉवर असो, वांगं असो, मटार असो, बटाटा प्रत्येक भाजीत असतोच आणि तो जरा जास्तच असतो. माझ्यासारखीच्या शंभर ग्रॅममध्ये चाळीस ग्रॅम बटाटा आला तर जागा वाया गेली. तेलाचा हात गुरुवारी सैल असतो, त्या दिवशी दुसऱ्या मावशी येतात. अंड्याचा एकही पदार्थ नाही. त्यांचं घर शाकाहारी आहे, ते मला मान्य, पण पनीर तरी रोज ठेवावं असं मी काकूंना सांगितलंय. भरल्या वांग्यात तिखट बेताचं हवं. स्लीव्हनंतर आम्हा बऱ्याच जणांना आंबट ढेकरांचा त्रास होतो आणि रात्री उशिरा तिखट खाल्लं तर तो नक्की वाढतो. म्हणून मी साडेसातला जेवते आणि भरलं वांगं दुपारीच नेते.

वाढणाऱ्या जागेची काळजी करणाऱ्यांना अजून एक सांगते. कित्येक वर्षांनी जागा अचानक कमी झाली, रोजचं जेवण उलटून पडायला लागलं, तर 'बरंच झालं, वजन उतरेल' असं म्हणून घरी बसू नका, सरळ सर्जनकडे जा. नळी अरुंद झालेली असू शकते, आणि उलट्या चालू राहिल्या तर ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने घसरतं. ते नसांना आणि मेंदूला घातक. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरलेल्या तपासण्या तर जन्मभराच्या. दुकानातली उसळ कितीही चांगली असली तरी ती गोळ्यांची जागा घेत नाही.

काकूंची सून आता गल्ल्यावर बसते. "ताई, आज अर्धी की दीड?" असं ती विचारते. तिला माझा हिशेब पाठ आहे. कामावरून दमून आले की भूक कमी असते आणि अर्ध्या पोळीवर भागतं, सुट्टीच्या दिवशी दीड. अर्धी पोळी ती सहा रुपयांत देते, उरलेली अर्धी बाजूला ठेवते, आणि याबद्दल तिने कधी कपाळाला आठी घातलेली नाही. या एका गोष्टीसाठी मी हे दुकान पाचपैकी पाच गुणांचं मानते, बटाटा धरूनसुद्धा.

दुकान सकाळी दहा ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ. रविवारी संध्याकाळी बंद. मोडाच्या उसळी सोमवार, बुधवार आणि शनिवार, शनिवारी बहुधा मूग. शुक्रवारचा झुणका आणि भाकरी साडेसातच्या आत संपतात, हवं असेल तर दुपारीच सांगून ठेवा. डबा घरून न्या, पिशवीत बांधलेली उसळ चेपते आणि तिला पाणी सुटतं. आणि शंभर ग्रॅमपेक्षा कमी हवं असेल तर संकोच न करता आकडा सांगा, काटा पाच ग्रॅमपर्यंत दाखवतो.