टेबलावरचे ते बारीक खड्डे

पूल, म्हणजे क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे बॉल कडेच्या पॉकेटमध्ये घालायचा खेळ, शिकायच्या नादात पाच महिन्यांत माझे ४६,५०० रुपये गेले. २४,००० क्लासचे, १४,५०० क्यूचे आणि ८,००० टेबलाचं कापड फाटल्याचे. पूल शिकायला निघालेल्या दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गेली चार वर्षं मी पुण्यात आठवड्यातून दोनदा खेळतो. सरळ पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालणं) बरे जमायचे, पण पुढच्या बॉलसाठी पांढरा, म्हणजे ज्याला क्यूने मारतात तो बॉल, हवा तिथे कधी यायचा नाही. उपनगरातल्या एका पूल पार्लरमध्ये एक कोच भेटले. बोलणं गोड, हाताला चॉकची निळी पूड, आणि तोंडी सतत पुण्याच्या मातीचा अभिमान. बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स १९२२ साली इथेच जन्मले, तसेच जगज्जेते पंकज अडवाणीही १९८५ साली इथलेच, हे सगळं खरं सांगून झाल्यावर स्वतः नॅशनल (राष्ट्रीय स्पर्धा) खेळल्याचंही त्याच ओघात सांगून टाकलं. पहिल्या दोन गोष्टी मला माहीत होत्या, त्यामुळे तिसरीवरही माझा विश्वास बसला.

मग त्यांनी टेबलावर सहा बॉल मांडले आणि एका फटक्यात पाच पॉकेटमध्ये घातले. परत मांडले, परत पाच. मला म्हणाले, ‘‘सर, आता तुम्ही मारा.’’ मी मारलं तर माझेही चार गेले! ‘‘बघा, हात आहे तुमच्याकडे. बेसिकमध्ये वेळ घालवू नका, थेट अ‍ॅडव्हान्स्ड शॉट घेऊ.’’ बारा सेशनचे पैसे मी त्याच संध्याकाळी रोख दिले. पावती मागितली नाही.

तो शॉट कसा होतो, ते आता मला कळलंय. दोन बॉल एकमेकांना चिकटलेले असले, की पुढचा बॉल साधारणपणे दोघांच्या केंद्रांतून जाणाऱ्या रेषेवरच सुटतो. मागून थोडं इकडेतिकडे लागलं तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे कसब सगळं मांडणीत असतं, मारणाऱ्याच्या हातात फार थोडं. आणि मांडणी दर वेळी केसभरही हलू नये, याची सोय त्या टेबलावर आधीच केलेली होती. ती कशी, ते पुढे सांगतो.

क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून मॅसे आणि जम्प (पांढरा उडवून मधल्या बॉलवरून नेणं). मॅसेला क्यू जवळजवळ उभी धरून पांढऱ्याच्या कडेवर वरून मारायचं, म्हणजे तो वळसा घेऊन जातो. बॉल जरा चुकला की टिप, म्हणजे क्यूचं टोक, थेट कापडावर, आणि खाली कठीण स्लेट. म्हणूनच कित्येक क्लबांत मॅसे मारू नये अशी पाटीच असते. शिकाऊ माणसाला हा शॉट पहिल्या आठवड्यात कुणी देत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चौथ्या सेशनला माझ्या फटक्यानंतर कापडात बोटभर चीर दिसली. मालक काउंटरवरून लगेच आले. कोच खाली मान घालून उभे. आठ हजार ठरले. मला इतकी लाज वाटली, की मी वाकून ती चीर नीट पाहिलीसुद्धा नाही.

क्यूचंही तसंच. साइड मारली, म्हणजे पांढऱ्याला मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे मारलं, की तो नेमाच्या रेषेवरून थोडा विरुद्ध बाजूला सरकतो, आणि टोकाला हलकी असलेली शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) हे सरकणं कमी करते. ही माहिती खरी आहे. तिच्या आधारावर मला ‘कार्बन फायबर’ म्हणून विकलेली क्यू मात्र खोटी निघाली. दोन महिन्यांत टिपेजवळचं काळं आवरण नखाने सुटायला लागलं, आत साधं लाकूड. सहाव्या सेशननंतर कोच फोन उचलेनासे झाले.

आपली फसवणूक झाली आहे हे कळलं ते कापड बसवणाऱ्या मामांमुळे. मी आठ हजारांची पावती मागायला गेलो, तर ते त्याच टेबलाचं जुनं कापड काढत होते. त्यांनी चिरेची जागा उलटी करून दाखवली. खालून चिकटपट्टी लावलेली, पिवळी पडलेली, आणि तिच्यावर दुसरी पट्टी. ‘‘साहेब, हे आजचं फाटलेलं नाही. दोनदा तर मीच चिकटवलंय.’’ मग कापडाच्या न काढलेल्या भागावर मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. त्या तिरप्या उजेडात मसुरीच्या डाळीएवढे खड्डे दिसले, बरोबर सहा. बॉल ठेवून वरून दुसऱ्या बॉलने ठोकला की कापड तिथे दबतं. पुढे दर वेळी बॉल आपोआप त्याच जागी बसतो. मी गप्प उभा राहिलो. घसा दाटून आला होता.

म्हणून पैसे द्यायच्या आधी एवढं नक्की करा. कोचने शॉट दाखवला, की त्यातला एक बॉल स्वतःच्या हाताने दोन इंच सरकवा आणि ‘आता मारा’ म्हणा. जाणता असेल तो हसत मारेल, किंवा या मांडणीत का जात नाही ते समजावेल. फी दर सेशनची द्या, यूपीआयने द्या. नॅशनल खेळलो म्हणणाऱ्याला कोणतं वर्ष, कोणतं शहर ते विचारा. आणि खेळायच्या आधी कापडाचा फोटो काढून ठेवा.

सध्या दुसऱ्या क्लबातले एक ज्येष्ठ खेळाडू मला फुकट शिकवतात. महिनाभर त्यांनी एकच शॉट करायला लावला: पांढरा समोरच्या बॉलवर आदळून जागीच थांबला पाहिजे. अंतर आधी दोन फूट, मग तीन, मग चार. अंतर वाढलं की कापडाच्या घर्षणाने उलटी फिरकी वाटेतच संपते, म्हणून जास्त खाली किंवा जास्त जोरात मारावं लागतं. हे हातात बसल्यावर कट (बॉलला कडेवर मारणं) मारताना पांढरा त्या बॉलच्या वाटेशी ९० अंशांत कसा सुटतो ते दिसायला लागलं. नुसता घरंगळत गेला तर अर्ध्या बॉलच्या धडकेला आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंश वळतो, हेही आता आधीच कळतं. चार वर्षं मला जे हवं होतं ते हेच होतं.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, मी तक्रार दिली आहे. क्यूचे पैसे तेवढे यूपीआयने दिले होते, तेवढाच पुरावा हातात आहे. माझ्याआधी त्याच चिरेचे पैसे ज्यांनी भरले, ते हे वाचत असतील तर कृपा करून मला कळवा. मामांनी सांगितलंय, गरज पडली तर ते साक्षीला येतील.