फोन चांगला आहे, कंपनी मात्र पाठ सोडत नाही

पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या मोबाइलच्या परीक्षणांवर माझा फारसा भरवसा नाही. तेव्हा बॅटरी ताजी असते, स्टोरेज रिकामं असतं, मोठं अपडेट आलेलं नसतं आणि सर्व्हिस सेंटरची पायरी चढायची वेळही आलेली नसते. फोनचे खरे गुण त्यानंतर कळतात. म्हणून रोजच्या वापराचे बरेच महिने उलटल्यावर हे लिहिते आहे. फोन मधल्या किमतीचा, अँड्रॉइडवर चालणारा. मॉडेलचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या एका मॉडेलपुरतं नाही. आपण पूर्ण पैसे मोजून वस्तू घेतो आणि तरी तिच्यावरचा ताबा विकणाऱ्याकडेच राहतो, ही माझी तक्रार आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखरच चांगलं आहे. स्क्रीन भर उन्हात नीट दिसते. बोलताना आवाज स्वच्छ येतो आणि रेंज कमी असली तरी कॉल सहसा तुटत नाही. बोटाचा ठसा पहिल्या स्पर्शात ओळखतो. सकाळी पूर्ण चार्ज केला की रात्री झोपेपर्यंत पुरतो. हातातून पडूनही काचेला तडा गेलेला नाही. हे यंत्र ज्यांनी बनवलं त्यांनी मन लावून काम केलंय, हे वापरताना जाणवतं.

कॅमेरा दिवसाउजेडी उत्तम. खोक्यावर ५० मेगापिक्सेल ठळक छापलंय, पण नेहमीच्या सेटिंगवर निघणारा फोटो साधारण १२ मेगापिक्सेलचा असतो. सेन्सरवरचे शेजारशेजारचे चार पिक्सेल मिळून एक धरला जातो; १०८ मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये नऊ, २०० च्या सेन्सरमध्ये सोळा. तंत्र म्हणून हे योग्यच आहे, कमी उजेडात त्याचा फायदा होतो. पण आकडा बघून फोन निवडणाऱ्याला हे सांगायला कुणी बांधील नाही. स्टोरेजचंही तसंच. कंपनी १२८ जीबी मोजते ती हजाराच्या पटीत, आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून तेच १२८ संगणकावर ११९ च्या आसपास दिसतात. त्यातली बरीच जागा सिस्टिम आणि न मागता आलेली अ‍ॅप्स आधीच अडवून बसलेली असतात.

त्या न मागता आलेल्या अ‍ॅप्सबद्दल जरा सविस्तर लिहिते.

फोन पहिल्यांदा सुरू केला तेव्हा एकामागून एक परवानग्यांचे पडदे आले. प्रत्येकावर ‘मान्य आहे’ हे रंगीत, मोठं बटण. नकार द्यायचा तर कोपऱ्यात फिकट अक्षरांत ‘नंतर’. ‘नाही’ असा पर्यायच कित्येक ठिकाणी नव्हता. माणसाला नको त्या गोष्टीकडे ढकलणाऱ्या या रचनांना हॅरी ब्रिगनल या डिझायनरने २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. तेव्हा ही तक्रार मुख्यतः वेबसाइटांबद्दल होती. आता ती फोनच्या सेटिंगमध्येच येऊन बसली आहे. मी सगळं वाचून, शोधून एकेक गोष्ट नाकारली. त्यात संध्याकाळ गेली. इतका वेळ आणि इतकी चिकाटी प्रत्येकाकडे असेलच असं नाही, आणि हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे.

हाच फोन मी आईसाठीही घेतला. तिला काय हवंय? फोन, व्हिडिओ कॉल, नातवंडांचे फोटो आणि औषधांची आठवण. पण तिच्या फोनवर दिवसातून अनेकदा नोटिफिकेशन येतं की फोनमध्ये कचरा साठलाय, लगेच साफ करा. त्यावर लाल खूण असते. हे कुठल्या बाहेरच्या अ‍ॅपकडून येत नाही, फोनसोबत आलेल्या ‘क्लीनर’कडून येतं, त्यामुळे ते फोनचाच इशारा वाटतं. आई घाबरून दाबते. साफसफाईचं एक वर्तुळ फिरतं आणि मग पूर्ण पडदाभर जाहिरात उघडते. ती बंद करायची फुली इतकी बारीक की तिचं बोट हमखास बाजूला पडतं आणि जाहिरातीतलं अ‍ॅप उतरवून घ्यायचं पान समोर येतं. लॉकस्क्रीनवरची छान छान चित्रंही तशीच. चित्रावर बोट सरकलं की खाली बातमी, बातमीखाली जाहिरात.

मी भेटायला गेले की तिचा पहिला प्रश्न असतो, “अगं, माझ्या फोनला काही झालंय का बघ.” फोनला काहीही झालेलं नसतं. आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेल्या बाईला रोज वाटत राहतं की आपल्याला जमत नाही, आपल्याच हातून काहीतरी बिघडतंय. मला या फोनबद्दल सगळ्यात जास्त राग याचा आहे. जाहिरातीतून कंपनीला जे मिळतं, त्याची किंमत अशी एखाद्या माणसाच्या आत्मविश्वासातून वसूल होते.

हा ‘क्लीनर’ काढून टाकता येत नाही, फक्त त्याची नोटिफिकेशन बंद करता येतात. तसं केलं आणि काही आठवडे शांततेत गेले. मग मोठं अपडेट आलं.

अपडेटबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही. सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारी अपडेट यायलाच हवीत, आणि ती टाळू नयेत असं मी सगळ्यांना सांगते. मोठ्या अपडेटनंतर पहिले दोन-तीन दिवस फोन थोडा तापतो, बॅटरी लवकर उतरते, कारण फोन आतल्या आत फाइलींची नव्याने नोंद करत असतो आणि अ‍ॅप्स नव्या आवृत्तीशी जुळवून घेत असतात. एवढं समजून घेता येतं. पण या अपडेटने मी बंद केलेल्या कितीतरी गोष्टी परत चालू केल्या. क्लीनर पुन्हा बोलू लागला, लॉकस्क्रीनवरची चित्रं परत आली, ओळखीचं नसलेलं एक खरेदीचं अ‍ॅप स्क्रीनवर येऊन बसलं. फोटोतले रंगही बदलले, चेहरे उगाच गुळगुळीत दिसू लागले. जुन्या आवृत्तीवर परत जायचा सोपा मार्ग ठेवलेलाच नाही. सुरक्षेसाठी जुनी आवृत्ती बंद करणं मला मान्य आहे, पण माझी सेटिंग बदलण्याचा सुरक्षेशी काय संबंध? घर विकल्यावर जुन्या मालकाने एक किल्ली स्वतःकडे ठेवावी आणि अधूनमधून येऊन सामान हलवून जावं, तसं हे वागणं आहे.

अपडेट देताना काय बदलणार हे लपवणं ही या व्यवसायाची जुनी खोड आहे. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. थकलेली बॅटरी अचानक लागणारी जास्त वीज पुरवू शकत नाही आणि फोन बंद पडतो, ते टाळायचं होतं. पण ग्राहकाला हे सांगितलेलं नव्हतं, आणि बॅटरी बदलून प्रश्न सुटत असताना लोक फोनच म्हातारा झाला असं समजून नवा घेत होते. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अशाच कारणासाठी अ‍ॅपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. फ्रान्समध्ये २०२० साली अ‍ॅपलने अडीच कोटी युरो दंड भरला, तो तर थेट ग्राहकाला माहिती न दिल्याबद्दल होता. इतक्या मोठ्या कंपन्यांसाठी या रकमा किरकोळ आहेत. तरी ग्राहकाचं म्हणणं खरं होतं हे कागदावर आलं, ते महत्त्वाचं.

माझ्या फोनची दुसरी सवय याहून त्रासाची आहे. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली तो मागे चालणारी अ‍ॅप्स परस्पर बंद करतो. जाहिरातीत ‘दिवसभर टिकणारी बॅटरी’ म्हणतात, त्यातला काही भाग असा मिळवलेला आहे. परिणाम असा की काही मेसेज अ‍ॅप उघडल्यावरच एकदम येऊन पडतात. आईच्या फोनमधलं औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप वाजायचंच बंद झालं. दोष अ‍ॅपचा असेल असं धरून दुसरं टाकलं, तेही गप्प. शेवटी सेटिंगमध्ये बॅटरीच्या आतल्या एका पानावर त्या अ‍ॅपला ‘निर्बंध नाही’ असं करावं लागलं, आणि ‘आपोआप सुरू होऊ द्या’ हे आणखी एका वेगळ्याच पानावर. अपडेटनंतर हेही पुसलं गेलं होतं. कंपनीचा स्वतःचा जाहिरातींचा क्लीनर मात्र कधी बंद पडत नाही!

मध्यंतरी चार्जिंगचं पोर्ट सैल झालं. वायर जराशी हलली की चार्जिंग तुटायचं. ग्राहक सेवेच्या चॅटवर प्रश्न विचारला तर यंत्राने आधीपासून ठरलेली उत्तरं दिली. फोन बंद करून चालू करा, दुसरी वायर लावून बघा, सगळा फोन रिसेट करा. पोर्ट सैल झाल्यावर रिसेट करून काय होणार? माणसाशी बोलायचा पर्याय तीन थर खाली होता. सर्व्हिस सेंटरमध्ये पहिली अट डेटा पुसण्याची आणि दुसरी लॉकचा पिन लिहून देण्याची. पिन द्यायला मी नकार दिला. पोर्ट तपासायला माझे फोटो आणि मेसेज उघडायची गरज नाही. अलीकडच्या काही फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा ‘रिपेअर मोड’ असतो, त्यात तंत्रज्ञाला फोन तपासता येतो पण तुमचा डेटा दिसत नाही. ही सोय प्रत्येक फोनमध्ये सक्तीची असायला हवी.

मग तंत्रज्ञाने सांगितलं की आत पाण्याचा अंश दाखवणारी पट्टी लाल झाली आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही. खोक्यावर आयपी६८, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलंय, जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवलाय, आणि वॉरंटीच्या कागदावर मात्र द्रवाने झालेलं नुकसान वगळलेलं आहे. आयपी६८ ची चाचणी प्रयोगशाळेत, स्थिर आणि गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होते. साबण, समुद्राचं पाणी, गरम वाफ त्यात येत नाही, आणि कडेचं रबर व डिंक वापराने सैल होत जातो. हे जाहिरातीतल्या चित्रात कुठेच दिसत नाही. अशाच दाव्यांवरून इटलीने २०२० मध्ये अ‍ॅपलला १ कोटी युरो आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०२२ मध्ये सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला आहे. म्हणजे ही तक्रार करणारी मी एकटी नाही. मी नकार लेखी मागितला. तो द्यायला टाळाटाळ झाली, वरिष्ठांना बोलावलं गेलं, आणि अखेर पोर्ट वॉरंटीतच बदलून मिळालं. लेखी मागितलं नसतं तर मिळालं असतं असं मला वाटत नाही.

कंपन्या नेहमी म्हणतात की दीर्घकाळ अपडेट देणं, सुटे भाग ठेवणं परवडत नाही. ते आता कुणी ऐकून घेऊ नये. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाले आहेत. बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरल्यावरही तिची किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि अपडेट किमान पाच वर्षं. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. महाग फोनला सात वर्षं देता येतात, तर मधल्या किमतीच्या फोनला तीन वर्षांत वाऱ्यावर का सोडायचं? जास्तीत जास्त लोक हेच फोन घेतात, आणि त्यांनाच फोन वारंवार बदलणं परवडत नाही.

हा फोन घ्यावा का, असं विचारलं तर माझं उत्तर माणसागणिक वेगळं आहे. सेटिंगमध्ये शिरून एक संध्याकाळ घालवायची तयारी असेल आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर तेच पुन्हा करायची सहनशक्ती असेल, तर या पैशात यंत्र चांगलं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर घेऊ नका. त्यांच्यासाठी कॅमेरा थोडा कमी असलेला, पण जाहिराती नसलेला फोन बघा, आणि अपडेट किती वर्षं मिळणार हे दुकानदाराच्या तोंडून नाही, कंपनीच्या कागदावर वाचा.

ज्यांच्याकडे हा फोन आधीच आहे त्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचा पर्याय चालू करावा. लिथियम-आयन बॅटरीला कायम पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता या दोन्हींचा त्रास होतो. आणि अपडेटनंतर तीन ठिकाणी नक्की बघा: क्लीनरची नोटिफिकेशन, लॉकस्क्रीनची चित्रं, आणि औषधांच्या किंवा गजराच्या अ‍ॅपवरचे बॅटरीचे निर्बंध. तिसरं आधी बघा.