पार्कने घराचा सौदा अडवला तेव्हा: सॅन होजेतल्या वकीलबाईंचा अनुभव

मोबाइल होम (कारखान्यात बनवून जागेवर आणून बसवलेलं घर) विकायला काढलं आणि पार्कवाल्यांनी, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या मालकांनी, आमचं गिऱ्हाईकच नाकारलं. म्हणून या वकीलबाईंकडे गेलो. त्या फक्त पार्कमधल्या रहिवाशांच्या केसेस घेतात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: घर आपलं, खालची जागा पार्कची, तिचं दरमहा स्पेस रेंट. नावात ‘मोबाइल’ असलं तरी घर हलवायला हजारो डॉलर लागतात आणि जुनं घर दुसरा पार्क सहसा घेत नाही. त्यामुळे नव्या माणसाला पार्कने होकार दिला नाही की विकणारा पुरता अडकतो.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे एक नर्स आणि तिचा नवरा. उत्पन्न भाड्याच्या चौपट, आधीच्या घरमालकाचं पत्र उत्तम. मॅनेजरने इन्कम टॅक्सचे रिटर्न मागितले आणि मग तोंडी ‘नाही’ सांगून टाकलं. फार संताप झाला.

वकीलबाईंनी कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम ७९८.७४ पुढ्यात ठेवलं. टॅक्स रिटर्न मागताच येत नाहीत. कागदपत्रं मिळाल्यावर कामकाजाच्या १५ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, नकार असेल तर कारणासकट. मुख्य कारणं दोनच चालतात: भाडं भरायची ऐपत नसणं, किंवा आधीच्या भाडेकरारांतल्या वागणुकीवरून हा माणूस नियम पाळणार नाही असं रास्तपणे दिसणं. कायद्यात न बसणाऱ्या कारणाने अडवलं, तर त्यातून झालेलं सगळं नुकसान पार्ककडून मागता येतं.

हे ‘सगळं’ कागदावर कसं मांडायचं, यातच त्यांचं खरं कसब. मोडलेल्या सौद्याची किंमत आणि नंतर मिळालेली किंमत यांतला फरक, मधल्या महिन्यांचं स्पेस रेंट, विमा. घर तसंच पडू देऊन भरपाई फुगवता येत नाही, विकायची खटपट चालू ठेवा आणि प्रत्येक जाहिरातीची प्रत जपा, असं त्यांनी बजावलं. पहिला सौदा १,८५,००० डॉलरचा होता, घर शेवटी १,६८,०००ला गेलं. पार्कला पाठवलेल्या नोटिशीत त्यांनी कलम ७९८.८६ सुद्धा घातलं: जाणूनबुजून कायदा मोडला तर दर वेळी २,००० डॉलरपर्यंत दंड. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. किमतीतला फरक पूर्ण मिळाला, भाडं निम्मं.

तक्रार बिलाबद्दल. सहा-सहा मिनिटांच्या हिशेबाने फी, दोन ओळींच्या ईमेललाही. खटला जिंकला तर वकिलाची फी समोरच्याकडून मिळते. तडजोडीत मात्र ती आधीच बोलून घ्यावी लागते, आणि हे आम्हाला पहिल्या भेटीतच सांगायला हवं होतं.

तरीही कुणाचा सौदा असा अडला असेल, तर बिनधास्त यांच्याकडे जा. खरेदीचा करार, गिऱ्हाइकाने पार्कला दिलेला अर्ज आणि भाड्याच्या पावत्या सोबत न्या. मॅनेजर तोंडी काही बोलला, तर त्याच दिवशी ते ईमेलने त्यालाच लिहून पाठवा. आमच्या केसमध्ये तोच पुरावा सगळ्यांत जास्त उपयोगी पडला.