गृहवित्त कंपनीची सेवा: मंजुरी झटपट, व्याजदराचा कारभार असमाधानकारक

पुण्यातील एका खासगी गृहवित्त कंपनीकडून 2021 मध्ये घेतलेले गृहकर्ज मी नुकतेच बँकेत वर्ग केले. मंजुरीपर्यंत कंपनीची सेवा उत्तम होती: कागदपत्रे नेण्यासाठी प्रतिनिधी घरी आला, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि टायटलची (मालकी हक्काची) छाननी वेळेत झाली व बिल्डरला धनादेशही ठरल्या तारखेला मिळाला. तक्रार आहे ती त्यानंतरच्या कारभाराबद्दल.

रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (ज्या दराने ती बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते) 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला, तेव्हा कंपनीने मला न विचारता हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली. यातला धोका हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. साडेसहा टक्के दराने 20 वर्षांसाठी 30 लाख घेतले तर हप्ता सुमारे 22,367 रुपये बसतो. पण दर नऊ टक्के झाला की तेवढ्याच मुद्दलावर एका महिन्याचे व्याजच 22,500 रुपये होते, म्हणजे हप्ता नियमित भरूनही कर्ज वाढत जाते. हे थांबावे म्हणून रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी परिपत्रक काढले. दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे हे पर्याय कर्जदारासमोर ठेवावेत, स्थिर दराकडे वळण्याची मुभा द्यावी आणि दर तिमाहीला मुद्दल-व्याजाचे विवरण द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. शाखेत मात्र माझ्यापुढे फक्त कन्व्हर्जन शुल्काचा (शुल्क भरून व्याजदर कमी करून घेण्याचा) अर्ज ठेवला गेला; हप्ता वाढवून घेण्याची सोय परिपत्रकाची प्रत दाखवल्यावरच झाली. नियम इतका नेमका असताना तो ग्राहकाने शाखेला सांगावा लागतो, हे मला गंभीर वाटते.

दुसरी उणीव नियमांतच आहे. गृहवित्त कंपन्यांचे नियमन ऑगस्ट 2019 मध्ये राष्ट्रीय आवास बँकेकडून रिझर्व्ह बँकेकडे आले, देखरेख मात्र आवास बँकेकडेच राहिली. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य (बँकेने स्वतः न ठरवलेल्या) मानदंडाशी जोडून किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलणे बंधनकारक झाले. गृहवित्त कंपन्यांना ते लागू केले गेले नाही. त्या आपापल्या प्राइम लेंडिंग रेटवर (स्वतःच ठरवलेल्या आधारदरावर) चालतात. त्यामुळे 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो पूर्ण एक टक्क्याने उतरला तरी माझ्या दरात किरकोळ घट झाली आणि उरलेल्या लाभासाठी पुन्हा शुल्क मागण्यात आले. हे बंधन कंपन्यांवरही यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

दोन गोष्टींचे श्रेय दिले पाहिजे. कंपनीकडून महिनाभरात समाधान न झाल्याने आवास बँकेच्या ‘ग्रिड्स’ पोर्टलवर तक्रार केली, तेव्हा मला मुद्देसूद लेखी उत्तर मिळाले. कर्ज वर्ग करताना मुदतपूर्व परतफेडीचे शुल्कही लागले नाही, कारण वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर ते घेताच येत नाही. मूळ खरेदीखत आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट यादीप्रमाणे नव्या बँकेच्या ताब्यात गेले.

पाचपैकी अडीच गुण. उत्पन्नाचे कागद अपुरे असल्याने बँक कर्ज देत नसेल, तर अशा कंपनीकडे जावे. मात्र 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या कर्जासोबत द्याव्या लागणाऱ्या मुख्य तथ्य विवरणात (कर्जाच्या अटी व खर्चाच्या सारांशात) वार्षिक टक्केवारी दर (व्याज आणि शुल्के मिळून कर्जाचा वर्षाचा खर्च) पाहावा आणि कन्व्हर्जन शुल्क किती लागेल, हे सही करण्यापूर्वीच लेखी घ्यावे.